आतड्याचे मूत्राशय : एका शस्त्रक्रियेचा इतिहास

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर के. आर. पुरम लागते. पूर्ण नाव कृष्णराजपुरम. म्हैसूरच्या वडियार घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले कृष्णराज हे नाव या वस्तीनेही धारण केले आहे. १९४८ साली जवळच सरकारी टेलिफोन कारखाना उभा राहिला व त्याच्या वसाहतीस दूरवाणीनगर हे नाव मिळाले. पुढे रेल्वेची डिझेल इंजिनांची शेड आली, २००३ साली लोहमार्गावरून जाणारा तारांनी तोललेला पूल आला, २०२३ साली मेट्रो आली. प्रत्येक नव्या कामाबरोबर बदलीची माणसे आली, आणि त्यांत आपलीही काही घरे आली. शहाजीराजांस बंगळूरची जहागीर मिळाली त्या काळापासून मराठी माणूस या मुलुखात येत आहे. तेव्हा तो घोड्यावरून येत असे, आता बदलीच्या हुकमावरून येतो, एवढाच काय तो फरक.

गेल्या कोजागिरीस अशाच एका घरी आम्ही दूध प्यावयास जमलो होतो. यजमान रेल्वेतील एक तरुण अधिकारी. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीस जन्मतःच पाठीच्या कण्याचा दोष आहे. ती चालते, शाळेत जाते, अभ्यासात हुशार आहे. परंतु मूत्राशयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची घडण अपुरी राहिली आहे. मूत्राशय आकसलेले व कठीण आहे. लघवी त्यात मावत नाही आणि आतला दाब वाढून मूत्रपिंडांवर उलटतो. औषधे झाली, इंजेक्शने झाली. आता डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली होती. बायकामंडळी आत गेल्यावर मुलीची आई मागे राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “काका, आतड्याचा तुकडा कापून मूत्राशयाला जोडणार म्हणतात. असं कधी ऐकलंय का तुम्ही? आमच्याच पोरीवर प्रयोग तर नाही ना हा?”

तिच्या यजमानांचा प्रश्न निराळा होता. “प्रयोग असो की नसो, काका, माझी बदली दोन वर्षांत कुठंही होईल. तिथं पुढचं कोण बघणार?”

आम्ही वैद्य नाही. उभा जन्म सरकारी कचेऱ्यांत गेला, त्यामुळे कोणत्याही प्रकरणाची मागील कागदपत्रे चाळल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही, एवढीच आमची पात्रता. परंतु हे दोन्ही प्रश्न मुळात इतिहासाचे आहेत असे आम्हांस वाटले. ही कल्पना कोणाला, केव्हा व कशासाठी सुचली, आणि ती पत्करलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे पाहिल्यावाचून त्यांचे उत्तर देता येत नाही. म्हणून पुढील काही महिने आम्ही जे वाचले ते येथे मांडीत आहो.

मूत्राशय म्हणजे नुसती पिशवी नव्हे. सुश्रुतसंहितेत त्याचे रूप भोपळ्यासारखे सांगितले आहे आणि त्याचे तोंड खाली असते असे म्हटले आहे. हे वर्णन आजही कोणा विद्यार्थ्यास सांगावे इतके नेटके आहे. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात सामान्यतः ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. परंतु त्याचे खरे कौशल्य निराळेच आहे. ते भरत असताना सैल पडत जाते, म्हणून आत दाब वाढत नाही आणि मूत्रपिंडे निर्धास्त राहतात. मग योग्य वेळी, योग्य जागी, धन्याच्या आज्ञेने ते आकुंचन पावते व रिकामे होते. थांबणे आणि सोडणे या दोन्ही गोष्टी त्याला साधतात. जे मूत्राशय थांबू शकत नाही, त्याच्या धन्याचे सारे आयुष्य शौचकूपाच्या आसपास फिरत राहते. आणि जे दाब वाढवून थांबते, ते धन्याची मूत्रपिंडे आतल्या आत, न दुखता, नासवीत असते. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्याची तक्रार उशिरा होते.

सुश्रुताच्या ग्रंथात मूतखडा काढण्याची शस्त्रक्रिया सविस्तर सांगितली आहे. फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना काळे मुंगळे चावावयास लावावे व त्यांची डोकी तेथेच राहू द्यावी, असा आतडे सांधण्याचा उपायही त्यात आहे. म्हणजे मूत्राशय उघडणे व आतडे सांधणे ही दोन्ही कामे आपल्या प्राचीन शल्यवैद्यांच्या विचारात होती. परंतु एकाचा तुकडा दुसऱ्यास जोडावा, हे त्यांच्या मनात आल्याचे दिसत नाही. येण्याचे कारणही नव्हते. त्यासाठी रोगी तासन्‌तास निश्चल हवा, जखम न चिघळण्याची हमी हवी, आणि शिवलेले आतडे गळत नाही असा भरवसा हवा. हे तिन्ही एकत्र येण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. आतड्याच्या बाहेरील पृष्ठभागास पृष्ठभाग भिडवून शिवले म्हणजे ते सांधते, हे फ्रान्समधील लाँबेर यांनी १८२६ साली दाखविले. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे दिली गेली. आणि १८६७ साली लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेचे तत्त्व मांडले.

तरीही घाई करणारे होतेच. काही मुले पोटाची पुढील भिंत व मूत्राशय उघडे घेऊनच जन्मास येतात. लघवी सतत झिरपत राहते. लंडनचे शल्यवैद्य जॉन सायमन यांनी अशा एका तेरा वर्षांच्या मुलाच्या मूत्रवाहिन्यांचा मार्ग गुदाशयात काढून दिला व त्याची हकीकत १८५२ साली प्रसिद्ध केली. हेतू असा की, जेथे मळ धरून ठेवता येतो तेथे लघवीही धरून ठेवता यावी. मुलगा सुमारे वर्षभर जगला. आतड्याला लघवी वाहावयास लावता येते हे सिद्ध झाले. परंतु वाहावयास लावणे म्हणजे पेलावयास लावणे नव्हे, हेही त्याच वेळी दिसून आले.

पुढचे पाऊल इटलीत पडले. १८८८ साली तिझ्झोनी व त्यांच्या सहकाऱ्याने कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक वेढा रक्तवाहिन्यांसकट सुटा केला, तो मूत्राशयाच्या मानेस जोडला आणि नंतर दुसऱ्या शस्त्रक्रियेत मूळ मूत्राशय काढून मूत्रवाहिन्या त्या वेढ्यात बसविल्या. येथे कळीचा शब्द ‘रक्तवाहिन्यांसकट’ हा आहे. आतड्यास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या एका पातळ पडद्यातून पंख्याच्या काड्यांप्रमाणे येतात. तो पडदा न तोडता आतड्याचा तुकडा मोकळा केला, तर तो जागेवरून हलतो परंतु मरत नाही. मुळे न उपटता फांदी वाकवून दुसरीकडे लावावी, तसा हा प्रकार. उरलेल्या आतड्याची दोन टोके एकमेकांस शिवली की अन्नाचा मार्ग पूर्ववत होतो.

एकोणिसावे शतक संपता संपता ब्रेस्लाउ येथील योहान फॉन मिकुलिक्झ यांनी हे धाडस माणसावर केले. १८९९ साली त्यांनी लहान आतड्याच्या तुकड्याने मूत्राशय वाढविल्याचे प्रसिद्ध केले. (ब्रेस्लाउ हे आज पोलंडमधील व्रोत्स्वाफ होय.) मिकुलिक्झ हे व्हिएन्नाच्या बिलरोट यांचे शिष्य. शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर कापडी पट्टी बांधण्याचा प्रघात पाडणाऱ्या पहिल्या मंडळींत त्यांची गणना होते. ज्या माणसाने स्वतःच्या श्वासाचीही शंका घेतली, त्यानेच हे काम हाती घ्यावे, यात आम्हांस योगायोग वाटत नाही.

तेव्हा आईच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. मग इतकी वर्षे ती घरोघर ठाऊक का झाली नाही? कारण ती दीर्घकाळ क्वचित कोणी करून पाहावी अशीच राहिली. तिला खरे काम मिळवून दिले ते एका जुन्या शत्रूने, क्षयाने.

क्षय म्हटले की आपणांस छाती आठवते. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि १८८७ साली पुण्यास अवघ्या एकविसाव्या वर्षी क्षयाने गेल्या, हे मराठी माणूस विसरलेला नाही. मिरजेजवळचे वॉन्लेसवाडीचे आरोग्यधाम ज्यांच्या घरच्या बोलण्यात येत असे अशी कुटुंबे अजूनही असतील. म्हैसूरच्या राजवाड्यासही या रोगाने सोडले नाही. राजकन्या कृष्णाजम्मणी क्षयाने गेल्या आणि त्यांच्या नावाने म्हैसुरास आरोग्यधाम उभे राहिले. परंतु क्षयाचे जंतू रक्तावाटे मूत्रपिंडातही जाऊन बसतात, तेथून लघवीबरोबर खाली उतरतात आणि मूत्राशयाच्या भिंतीत व्रण करतात. व्रण भरून येतो तो वण ठेवून, वण आकसतो, आणि मूत्राशय लहान होत जाते. शेवटी त्यात शंभर मिलिलिटरही मावेनासे होते. डॉक्टर मंडळी अशा मूत्राशयास शिंप्याच्या अंगुस्तानाची उपमा देतात. रोगी पंधरा-पंधरा मिनिटांनी उठतो. रात्रीची झोप नाही, प्रवास नाही, सभा नाही, नाटक नाही. रोग छातीत असता तर शेजाऱ्यांनी विचारपूस केली असती. हा रोग असा की माणूस तो बायकोपासूनही लपवितो.

येथे वैद्यकाच्या इतिहासातील एक विलक्षण विसंगती पुढे येते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, मागोमाग पास आले, १९५२ साली आयसोनायझिड आले. क्षयाचे रोगी बरे होऊ लागले. परंतु जंतू मेले तरी वण राहिला; किंबहुना व्रण भरून येताना पुष्कळांची मूत्राशये अधिकच आकसली. पूर्वी असा रोगी लहान मूत्राशयाची फिकीर करण्याइतका जगतच नसे. आता तो जगू लागला आणि जगणे कसे, हा प्रश्न त्याने वैद्यांपुढे टाकला. पॅरिसचे रॉजर कूव्हेलेर यांनी १९५० साली नेमका याच विषयावर निबंध लिहिला: क्षयरोग्यांचे लहान मूत्राशय आणि ते आतड्याने वाढविण्याचे प्रकार. जंतूंचा बंदोबस्त औषधाने झालेला असल्यामुळे आतड्याचा निरोगी तुकडा तेथे सुखाने नांदू शकत होता. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया कुतूहलाच्या कपाटातून बाहेर आली.

आणि याच काळात बंगळूरही या कथेत येते. बळ्ळारी रस्त्यावरील ‘अॅव्हलॉन’ नामक जुन्या वास्तूत राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ साली स्थापन झाली. पंडित नेहरूंनी १९६० च्या सप्टेंबरात तिचे उद्घाटन केले. संस्थेचे काम शस्त्रक्रियेचे नव्हते. एवढ्या मोठ्या व गरीब देशात क्षयाचा रोगी शोधावा कसा आणि बरा करावा कसा, हे ठरविण्याचे होते. मद्रासच्या केंद्राने १९५९ साली दाखवून दिले होते की, नियमाने औषध घेतल्यास घरी राहणारा रोगी आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. बंगळूरच्या संस्थेतील बॅनर्जी व अँडरसन या समाजशास्त्रज्ञांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत चौकशी केली आणि १९६३ साली आपले निष्कर्ष मांडले. अडाणी खेडुतास रोगाची जाणीव नसते, असा शहरी समज होता. चौकशीत उलटेच दिसले. बहुसंख्य रोग्यांस आपली लक्षणे ठाऊक होती. निम्म्याहून अधिक जण दवाखान्याची पायरी चढूनही आले होते. आणि तेथून बहुतेकांची खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन बोळवण झाली होती.

ही बाटली आमच्या विषयास अगदी लागू आहे. मूत्रमार्गाच्या क्षयात लघवीत पू दिसतो, परंतु नेहमीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, कारण क्षयाचा जंतू त्या रीतीने वाढतच नाही. मग ‘लघवीची जळजळ’ म्हणून महिनोन्‌महिने औषधे चालतात, आणि इकडे मूत्राशय आकसत जाते. वेळीच ओळखले तर किमान सहा महिन्यांच्या गोळ्यांनी जो रोग बरा होतो, त्यालाच उशीर झाला की पोट उघडावे लागते. मूत्राशय वाढविण्याची शस्त्रक्रिया हा शल्यवैद्याचा विजय असेल; परंतु क्षयरोग्याच्या बाबतीत तो पुष्कळदा कोणाच्या तरी आधीच्या दुर्लक्षाचा दंडही असतो.

आता तंत्राकडे वळू. प्रारंभी शल्यवैद्य आतड्याचा वेढा नळीच्या नळीच जोडीत. त्यात एक खोट राहिली. आतड्याचा धर्म अन्न पुढे ढकलण्याचा. त्याच्या वर्तुळाकार स्नायूंच्या लाटा मूत्राशयात आल्यावरही थांबत नाहीत. प्रत्येक लाटेसरशी दाब वाढतो आणि रोगी पुन्हा धावत सुटतो. लॉस एंजेलिसचे विलर्ड गुडविन यांनी १९५९ साली यावर जो उपाय लोकांपुढे मांडला तो ऐकावयास सोपा आहे: नळी नळी ठेवूच नये. रक्तवाहिन्या जेथून येतात त्याच्या समोरच्या बाजूने ती उभी चिरावी, पत्र्यासारखी पसरावी, दुमडून कडा शिवाव्या आणि वाटीसारखे ठिगळ तयार करून ते मूत्राशयावर बसवावे. चिरल्यामुळे वर्तुळाकार स्नायूंची साखळी तुटते. लाटा उठल्या तरी त्यांत एकी राहत नाही.

याचा दुसरा लाभ निव्वळ भूमितीचा आहे आणि आकडेमोडीची सवय असलेल्या आपल्या वाचकांस तो रुचेल. समजा, आतड्याचा तुकडा २० सेंटीमीटर लांब व ३ सेंटीमीटर व्यासाचा आहे. नळी म्हणून त्यात सुमारे १४० मिलिलिटर मावते. तीच नळी चिरून सुमारे १९० चौरस सेंटीमीटरचा पत्रा झाला आणि त्याचा गोल केला, तर त्यात सुमारे २४० मावते. कापड तेवढेच, शिवण निराळी. माप मात्र पाऊणपट वाढले. शिवाय गोल जितका मोठा तितका भिंतीच्या त्याच ताणाने आत निर्माण होणारा दाब कमी. फुगा फुगविताना पहिली फुंकरच सर्वांत जड जाते, हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. प्रत्यक्षात आतड्याचा तुकडा मूळ मूत्राशयास ठिगळ म्हणून जोडावयाचा असतो, तेव्हा हिशेब इतका सरळ राहत नाही. तत्त्व मात्र हेच. पुढे १९८२ साली इंग्लंडमध्ये ब्रँबल यांनी मूत्राशय शिंपल्यासारखे दुफाळी उघडून मध्ये आतड्याचे ठिगळ बसविण्याची रीत रूढ केली. आज या शस्त्रक्रियेच्या अनेक पद्धती आहेत, परंतु बहुतेकींचा कणा हाच आहे. लहान आतड्याचा अगदी शेवटचा भाग मात्र सहसा सोडून देतात, कारण बी-१२ हे जीवनसत्त्व व पित्तातील क्षार तेथेच शोषले जातात.

येथवर ही विजयकथा वाटेल. परंतु वाचीत असता आमच्या मनात सर्वांत अधिक ठसले ते याच्या पुढचे प्रकरण. आतडे मूत्राशयात जाऊन बसले तरी ते आतडेच राहते. शोषून घेणे हा त्याचा जन्माचा धर्म. तेव्हा लघवीतून शरीराने टाकून दिलेले क्षार ते इमानाने परत शोषते. मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्यास जोडलेल्या रोग्यांपैकी बहुसंख्यांच्या रक्तात आम्लता वाढते, हे अमेरिकेतील फेरिस व ओडेल यांनी १९५० साली दाखविले. लहान आतड्याच्या ठिगळातही हा दोष कमी प्रमाणात असतो, आणि मूत्रपिंडे आधीच दुबळी असतील तर तो वाढतो. बुळबुळीत स्राव करणे हाही आतड्याचा धर्म. तो स्राव लघवीत साचतो, नळी तुंबवितो, त्याभोवती खडे धरतात. मोठे झालेले मूत्राशय वेळेवर रिकामे न केल्यास क्वचित फुटते, आणि ज्याच्या मज्जातंतूंस संवेदना नाही त्यास ते फुटल्याचे उशिरा कळते. बऱ्याच वर्षांनी त्या ठिकाणी कर्करोग झाल्याची उदाहरणेही आहेत. ती विरळ आहेत, पण आहेत.

आम्ही हे लपवीत नाही, कारण त्या मातापित्यांपासूनही लपविले नाही. या सव्वाशे वर्षांचा इतिहास आमच्या मते एकच गोष्ट शिकवितो. उसन्या अवयवाकडून जागा मिळते, स्वभाव मिळत नाही. ज्या शल्यवैद्यांनी आतडे मूत्राशय होईल अशी अपेक्षा धरली, त्यांचे रोगी फसले. ज्यांनी ते आतडेच राहील असे धरून पुढची व्यवस्था केली, त्यांचे रोगी जगले.

ती व्यवस्था अशी. वाढविलेल्या मूत्राशयास स्वतःहून पुरते रिकामे होणे बहुधा साधत नाही. त्यास वेळोवेळी नळी घालून रिकामे करावे लागते. पूर्वी हे काम निर्जंतुक हातमोजे, निर्जंतुक साधने व प्रशिक्षित परिचारिका यांच्यावाचून होत नसे. म्हणजेच घरी होत नसे. १९७२ साली अमेरिकेतील मिशिगनचे लॅपिडिस यांनी असे प्रतिपादन केले की, निर्जंतुकतेचा एवढा अट्टाहास नको. स्वच्छ धुतलेले हात व स्वच्छ नळी पुरे. मूत्राशय ताणून राहिले म्हणजे त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि मग जंतूंचे फावते. ते नेमाने रिकामे होत राहिले तर थोडे जंतू आत गेले तरी शरीर त्यांस पुरून उरते. पुष्कळांस हे पाखंड वाटले. परंतु अनुभव लॅपिडिस यांच्या बाजूने उभा राहिला. १९८० साली फ्रान्समधील रूआँचे पॉल मित्रोफानॉफ यांनी आणखी एक सोय केली. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, एका टोकाने मूत्राशयास व दुसऱ्या टोकाने पोटाच्या त्वचेस जोडून त्यांनी नळी घालण्यास सुलभ वाट काढून दिली. खुर्चीवर बसणाऱ्या मुलांस व विशेषतः मुलींस ती फार सोयीची पडते. मज्जातंतूंच्या दोषाने ज्यांचे मूत्राशय बिघडले आहे अशांस ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने खुली झाली ती यानंतर. म्हणजे सुरी व टाके यांनी जे अर्धे साधले, ते धुतलेल्या हातांनी पुरे केले.

यातच वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. पुढचे कोण बघणार? दररोजचे काम कोणतेही रुग्णालय बघत नाही. ते घरच बघते. दिवसातून चार-सहा वेळा, घड्याळ पाहून, भावना झाली असो वा नसो, नळी घालणे. सांगितल्याप्रमाणे मूत्राशय पाण्याने धुणे. ठराविक काळाने रक्त व मूत्रपिंडे तपासून घेणे, बी-१२ पाहणे. पोटात एकाएकी दुखू लागले तर ‘आतड्याने मूत्राशय वाढविलेले आहे’ हे वाक्य परक्या गावच्या डॉक्टरास पहिल्या मिनिटात सांगणे. बदलीच्या माणसाने आपली सेवापुस्तिका जशी गावोगाव जपून न्यावी, तशी या मुलीच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे न्यावीत. आठ-दहा वर्षांची मुले हे नळीचे काम स्वतः शिकतात. मग आईबापांची बदली कोठेही होवो, मुलीचे हात तिच्याबरोबरच असतात.

आणखी एक प्रश्न आईने मागाहून विचारला: थोडे थांबलो तर याहून चांगले काही निघणार नाही काय? प्रश्न रास्त आहे. २००६ साली अमेरिकेतील अटाला व सहकाऱ्यांनी रोग्याच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्यांच्यापासून घडविलेल्या भिंतीने सात रोग्यांची मूत्राशये वाढविल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा आतड्याचे दिवस संपले असे पुष्कळांस वाटले. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत ती आशा फलद्रूप झाली नाही. औषधे व मूत्राशयाच्या भिंतीत द्यावयाची बोट्युलिनमची इंजेक्शने यांनी शस्त्रक्रियेची गरज पूर्वीपेक्षा कमी केली आहे, हे खरे. परंतु या मुलीच्या बाबतीत ती वाट चालून झाली होती. मूत्रपिंड मात्र नव्या शोधाची वाट पाहत बसत नाही. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास कण्याच्या या दोषाची पुष्कळशी प्रकरणे टळतात, हे १९९१ सालच्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध केले आहे. या मुलीस त्याचा उपयोग नाही. पण हे वाचणाऱ्या एखाद्या घरी लेक-सून असेल, तिला तो होईल.

सुश्रुताने मूतखड्याच्या शस्त्रक्रियेविषयी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. न केली तर मृत्यू निश्चित, केली तर फळ संशयित. म्हणून वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊन मगच हात घालावा, असा त्याचा आशय आहे. आता राजे राहिले नाहीत. अनुज्ञेचा कागद आईबापांपुढे येतो आणि त्यावर सही करण्यापूर्वी त्यांनी सव्वाशे वर्षांचा हिशेब पाहावा, एवढ्यासाठी आम्ही ही पाने प्रथम त्यांना वाचावयास दिली. निर्णय त्यांचा होता. तो त्यांनी घेतला आहे; शाळेची परीक्षा झाली की तारीख ठरेल.

पाने वाचून होत असता मुलगी जवळच बसली होती. मोठ्यांचे बोलणे मुले ऐकत नाहीत, असा मोठ्यांचा समज असतो. ती म्हणाली, “आजोबा, मग मला सहलीला जाता येईल? बसनं? रात्री मुक्कामाला?”

आम्ही तिला सांगितले की, हे तू स्वतः डॉक्टरांस विचार. पुढच्या भेटीत तिने विचारले. परत आल्यावर तिने आम्हांस त्यांचे उत्तर सांगितले: पिशवीत नळी हवी, हातात घड्याळ हवे, आणि बाईंना आधी सांगून ठेवायला हवे, मग खुशाल जा.

घड्याळ तिने त्याच संध्याकाळी के. आर. पुरमच्या बाजारातून विकत घेतले. ते अजून तिच्या मनगटास थोडे सैल होते.